राज्यपालांच्या नावाने, पितृपक्षात

आमच्या मध्य प्रदेशात सरकारी नेमणुकीच्या हुकुमाखाली एक ओळ ठरलेली असते: 'मध्यप्रदेश के राज्यपाल के नाम से तथा आदेशानुसार'. त्याखाली सही असते भोपाळच्या कुणा उपसचिवाची. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत या एका ओळीची वाट पाहणं हेच माझं काम होऊन बसलं होतं. आमच्या उज्जैनच्या नानाखेडा बसस्टँडवर लोक आगरच्या बसची वाट पाहतात ना, तशी. येणार हे नक्की, कधी ते ड्रायव्हरलाही ठाऊक नाही.

मी बाबू होतो, मुलांच्या एका समितीत. अशा समित्या जिल्ह्याजिल्ह्यांत असतात. हरवलेलं, टाकून दिलेलं, घरातून पळालेलं मूल पोलिसांना सापडलं की ते समितीपुढं आणतात. त्याला कुठं ठेवायचं, कुणाच्या हाती द्यायचं, की कुणाच्याच नाही, हे समिती ठरवते. एक अध्यक्ष आणि चार सदस्य. ते न्यायाधीश नसतात. कुणी शिक्षक, कुणी वकील, कुणी डॉक्टर. त्यांची मुदत ठरावीक असते, आणि अखेरचा आदेश द्यायचा तर निदान तिघांना बसावं लागतं. यालाच आम्ही 'कोरम' म्हणायचो. बाबूचं काम फाइल लावायची, हाक मारायची, आदेश टाइप करायचा, आणि कोरम नसला तर बाहेर बाकावर बसलेल्यांना तसं सांगायचं. यातलं शेवटचं काम सगळ्यांत अवघड, कारण ते ऐकून कुणी भांडत नाही. नुसतं बघतात.

माझे वडील रेल्वेत पॉइंट्समन. जळगावकडून नोकरीसाठी तराण्याजवळच्या स्टेशनावर आले ते इथलेच झाले. आमच्या घरात पहिला ग्रॅज्युएट मी. निकाल लागला त्या दिवशी वडिलांनी स्टेशनमास्तरांना पेढा दिला आणि म्हणाले, "साहब, लड़का अब कागज पढ़ेगा." ते कागद वाचायचं काम मी जन्मभर इमानानं केलं आणि त्याचा मला आजही आनंद आहे. या पदवीमागं तराण्याच्या शाळेतल्या सबनीस बाई होत्या. शाळा सुटल्यावर व्हरांड्यात बसवून त्यांनी माझ्याकडून इंग्रजी घोटून घेतलं. वडील मला दहावीनंतर रेल्वेत रूळ दुरुस्तीच्या गँगवर लावणार होते. बाई घरी येऊन त्यांना म्हणाल्या, दोन वर्षं मला द्या. पुढं त्या दोनाची पाच झाली. बाईंचा उल्लेख आत्ताच करून ठेवतो, कारण ही हकीकत त्यांचीही आहे.

राज्यपालांच्या अधिकाराबद्दल लोकांच्या मनात फार घोळ असतो. लोकसेवा आयोगासारख्या काही जागा अशा, की राज्यपालांनी नेमायचं हे राज्यघटनेतच लिहिलंय. इतर आयोग, मंडळं, समित्या यांचे वेगवेगळे कायदे. कुठं निवड समिती नावं सुचवते, कुठं मंत्री. पण शेवटी मंत्रिमंडळ सांगतं, खातं लिहितं आणि नाव राज्यपालांचं लागतं. राजभवनात बसून कुणी उज्जैनची यादी चाळत नसतं. हे मी किती जणांना समजावलं असेल. कुणाचाच विश्वास बसला नाही. ज्याला सदस्य व्हायचं असतं त्याला वाटतं, राज्यपालांच्या कानावर आपलं नाव एकदा जायला हवं.

असे इच्छुक माझ्याकडं फार यायचे. एका कापडवाल्या शेठजींना कुठलंही सदस्यपद चालणार होतं, गाडीवर पाटी लावता आली म्हणजे झालं. त्यांनी राम घाटावर अनुष्ठान बसवलं. तिसऱ्या दिवशी धावत माझ्याकडं आले. संकल्प सोडताना पंडितजींनी पदाचं पूर्ण नाव विचारलं होतं. मी कागदावर लिहून दिलं. काही महिन्यांनी शेठजींची नेमणूक झालीही, पण भलत्याच मंडळावर, ज्याचा संबंध म्हणे बकऱ्या-मेंढ्यांशी होता. शेठजी शुद्ध शाकाहारी. ते अजून पंडितजींशी बोलत नाहीत.

दुसरे एक गृहस्थ नुकतेच एका आयोगावर नेमले गेलेले. दर्जा राज्यमंत्र्याचा. सर्किट हाउसला उतरले आणि संध्याकाळ झाल्यावर अस्वस्थ व्हायला लागले. उज्जैनचा राजा महाकाळ, दुसऱ्या राजानं इथं रात्र काढली तर त्याची गादी जाते, ही आमच्याकडची समजूत. म्हणून मोठमोठे लोक दर्शन घेऊन दिवेलागणीला गाव सोडतात. हे साहेबही बॅग भरायला लागले. तिथला म्हातारा खानसामा दारात उभा होता. तो अगदी अदबीनं म्हणाला, "हुजूर, आप तो आराम से सोइए. सदस्य को चलता है."

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. पण जागा रिकामी राहिली की हसू येत नाही, ते कशामुळं ते आता सांगतो.

आमच्या समितीची मुदत संपली. नवी नेमणूक व्हायची होती. अशा वेळी शेजारच्या जिल्ह्याच्या समितीला आमचा प्रभार देतात. ते लोक आपलं काम सांभाळून पंधरवड्यातून एकदा यायचे. मग त्यांचीही मुदत संपली. यात कुणी मुद्दाम काही केलं असं मी म्हणणार नाही. अर्ज मागवले जातात, मुलाखती होतात, एखाद्या नावावर हरकत येते, मध्येच निवडणुकीची आचारसंहिता लागते. सगळं रीतसर असतं. रीतसर असल्यामुळं कुणावर चिडताही येत नाही.

त्या वेळी आमच्या बालिकागृहात एक आठ-नऊ वर्षांची मुलगी होती. अशा मुलांचं नाव-गाव छापायला कायद्यानं बंदी आहे आणि ती योग्यच आहे. आपण तिला छोटी म्हणू. तिची आई आदल्या वर्षी आजारानं गेली. बापाला दारूचं व्यसन. एके दिवशी त्यानं तिला नानाखेड्याच्या स्टँडवर बसवलं, समोसा आणून दिला आणि पाणी आणतो म्हणून जो गेला तो आलाच नाही. समोसा खाऊन झाल्यावर कागदाची नीट घडी करून ती बसून राहिली होती, असं तिला घेऊन आलेली पोलीस बाई सांगायची.

तिचा मामा आम्ही शोधून काढला. शाजापूरकडच्या खेड्यात त्याचं सायकल-मोटारसायकलच्या पंक्चरचं दुकान. बोटं काळी, बोलणं थोडं. भाचीला न्यायला तो एका पायावर तयार होता. पण मामा म्हणजे बाप नव्हे. त्याच्या हाती मूल द्यायचं तर घर पाहून अहवाल मागवावा लागतो. जुन्या समितीनं तो मागवला. अहवाल आला, चांगला आला. मामीनं स्वतः सांगितलं होतं, दोन पोरं आहेत, तिसरीला जड होणार नाही. आता फक्त तीन सह्यांचा आदेश हवा होता. आणि सह्या करायला समितीच नव्हती.

मामाच्या गावचा बाजार मंगळवारी बंद. म्हणून तो मंगळवारी यायचा. भाचीला भेटायचा, मग माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहायचा. मी म्हणायचो, अजून हुकूम नाही. एकदा त्यानं विचारलं, हुकूम कुणाचा यायचा आहे? मी सांगितलं, राज्यपालांच्या नावानं येईल. त्यानं मान डोलावली. पुढच्या वेळी म्हणाला, "बाबूजी, उनको मालूम नी होगा कि छोरी यहाँ है. नी तो कौन रोकता."

मी त्याला समजावलं नाही. कसं समजावणार?

असे बरेच मंगळवार गेले. एके दिवशी मामा भेटायला आला आणि छोटी बाहेरच आली नाही. त्या पुढच्या वेळीही नाही. बालिकागृहाच्या अधीक्षिका मला म्हणाल्या, ती म्हणते मामा झूठ बोलते हैं, हर बार बोलते हैं अगले मंगल. मामा व्हरांड्यात थोडा वेळ उभा राहिला, आणलेली केळी अधीक्षिकांकडं देऊन निघून गेला. त्या दिवशी तो माझ्या टेबलाशी आला नाही. मला पहिल्यांदाच भीती वाटली, की हुकूम येईल तेव्हा द्यायला मूल असेल, न्यायला मामा असेल, आणि मूल त्याच्याबरोबर जाणार नाही.

आणि मग हुकूम आला. फोनवर पीडीएफ आली, खाली ती ओळ. पाचही नावं. अध्यक्ष म्हणून पहिलंच नाव आमच्या सबनीस बाईंचं. निवृत्तीनंतर त्या नानाखेड्याच्या एका कॉलनीत राहत होत्या, वस्तीतल्या मुलांना शिकवत होत्या. कुणीतरी त्यांच्याकडून अर्ज भरून घेतला होता हे मला माहीतही नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी उभं राहून तो हुकूम वाचला.

फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. पितृपक्ष लागला होता.

बाईंना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "मोहन, सर्वपित्री होऊ दे. घटस्थापनेला सकाळी येऊन चार्ज घेते." सदस्यांत त्रिवेदी नावाचे वकील होते. ते म्हणाले, पंडितजी से पूछ लिया है, प्रतिपदा का मुहूर्त बढ़िया है. बाकीच्यांचंही हेच. आमच्या अधिकाऱ्यांना सांगितलं तर ते म्हणाले, इतके महिने गेले, थोडे दिवस आणखी; नव्या अध्यक्षांना पहिल्याच दिवशी नाराज कशाला करायचं? त्यांचंही चूक नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं. आमच्या घरी या पंधरवड्यात चपलासुद्धा कुणी घेत नाही.

मंगळवारी मामा आला. हुकूम आलाय म्हटल्यावर त्यानं माझ्या कॉम्प्युटरलाच हात जोडले. मग मी त्याला घटस्थापनेचं सांगितलं. तो बोटांवर तिथ्या मोजत राहिला. मग म्हणाला, "नवमी तो उससे पहले है ना, बाबूजी."

आमच्या माळव्यात श्राद्धाच्या तिथीला घरोघर धूप देतात. गोवऱ्यांचे निखारे करायचे, त्यावर खीर-पुरी आणि तूप सोडायचं. धूर उठला की पितर जेवले. नवऱ्याआधी गेलेल्या बाईची तिथी नवमीची. छोटीच्या आईला धूप देणारं दुसरं कुणी नव्हतं; ती मामाच देणार होता.

"नवमी को बेन आएगी मेरे दरवाजे," तो म्हणाला. "धूप तो मैं दे दूँगा. पर वो खाएगी क्या? पहले तो येई पूछेगी, छोरी कहाँ है."

एवढं बोलून तो गेला. भांडला असता तर बरं झालं असतं.

मी त्याला बाईंकडं नेऊ शकलो असतो. नेलं नाही. ज्याचं प्रकरण समितीपुढं आहे त्याला सदस्याच्या घरी न्यायचं नाही, हा नियम मी कधी मोडला नव्हता, आणि मामा बोलायला गेला असता तर बाईंनी त्याला पाणी दिलं असतं आणि हीच गोष्ट शिकवली असती. दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो.

त्यांच्याकडं सासूबाईंचं श्राद्ध होतं. गुरुजी जेवून गेले होते. घरात वड्यांचा आणि आमसुलाच्या चटणीचा वास. बाई म्हणाल्या, आलास तर आता पानावर बस. श्राद्धाच्या घरी जेवायला नाही म्हणत नाहीत. मी बसलो. बाई समोर पाट घेऊन बसल्या. सत्तरी उलटलेली, पण नजर व्हरांड्यातलीच. अजूनही वाटत होतं, आता त्या स्पेलिंग विचारतील.

मी घास घेता घेता विषय काढला. त्या लगेच म्हणाल्या, "तुझ्या मुलीच्या साखरपुड्याची बोलणी तू पितृपक्षात केली होतीस?"

"नाही, बाई."

"मग मला कशाला सांगायला आलास? मोठा साहेब झालास."

मी म्हणालो, साहेब कुठला, बाबूच आहे. आणि मग मामाचं बोलणं त्यांना जसंच्या तसं सांगितलं. माझं काही घातलं नाही. घालण्यासारखं माझ्याजवळ नव्हतंच.

बाई उठल्या. मला वाटलं, वाढायला उठल्या. त्या गच्चीच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. तिथून स्टँड दिसतो; ज्या शेडखाली छोटी बसली होती ती शेडही. मी पानावर तसाच. श्राद्धाचं पान टाकून उठता येत नाही.

परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज शाळेतला होता. "मोहन, पितृपक्षात नवं काम धरू नये म्हणतात. हे काम नवं आहे का?"

त्या परत पाटावर बसल्या.

"हे जुनं आहे. आमच्या आधीच्यांच्या हातून राहिलेलं. आणि हा पंधरवडा असतो कशासाठी? राहिलेलं पुरं करायलाच ना? आमच्या सासूबाईंचं तरी मी दुसरं काय केलं आज?" मग म्हणाल्या, "खीर संपव. आणि त्या वकिलांचा नंबर दे."

वकीलसाहेब सहज मानले नाहीत. फोनवर बराच वेळ शास्त्र चाललं होतं. शेवटी बाई म्हणाल्या, "त्रिवेदीजी, आपका मुहूर्त प्रतिपदा का ही रहेगा. हार, मिठाई, फोटो सब उसी दिन. कल तो सिर्फ बैठना है." हार ठरल्या दिवशीच म्हटल्यावर त्यांची अडचण निम्मी कमी झाली असावी. तिसरी सही एका तरुण डॉक्टर बाईंची. त्या म्हणाल्या, मला खरं तर काहीच अडचण नव्हती, सगळे थांबलेत म्हणून थांबले होते. अशी माणसंही बरीच असतात.

गुरुवारी तिघंही आले. वकीलसाहेब कोटाच्या खिशात तुळशीचं पान घालून आले होते. हुकुमाची प्रत लावून तिघांनी पदभार घेतला, आणि मी त्या कार्यालयात कितीतरी महिन्यांनी पुकारा केला. मामाला आदल्या संध्याकाळी फोन केला होता. तो पहाटेच्या बसनं आला होता. हातात कापडी पिशवी, पिशवीत मामीनं शिवलेला फ्रॉक.

छोटी अधीक्षिकांबरोबर आली. मामाकडं तिनं पाहिलं नाही. बाईंनी तिला आपल्या शेजारी बसवून घेतलं. कायद्यानं मुलाला विचारावं लागतं, तुला जायचंय का. बाईंनी विचारलं. उत्तर नाही. दुसऱ्यांदा विचारलं. वकीलसाहेब पुढं झुकून गोड आवाजात काही बोलले; तिनं त्यांच्या टायकडं बघितलं, बस्स. माझी बोटं कीबोर्डवर होती. मूल नाही म्हणालं किंवा बोललंच नाही, तर पुढची तारीख द्यावी लागते. तसा आदेश मी शेकडो वेळा टाइप केला होता.

मामा दाराजवळ उभा होता. त्यानं काही समजावलं नाही, शपथ घातली नाही. नुसती पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. छोटीनं ते पाहिलं असावं. ती बाईंना म्हणाली, "आज मंगल नी है ना?"

"नहीं बेटा," बाई म्हणाल्या. "आज गुरुवार है."

ती उठली. मग अधीक्षिकांना म्हणाली, "मेरी चप्पल अंदर है," आणि आणायला गेली.

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि मला म्हणाल्या, लिही. मी लिहिलं. तीन सह्या झाल्या. जाताना मामा माझ्या टेबलाशी आला, आदेश उलटा-सुलटा करून पाहिला आणि विचारलं, यात राज्यपालांचं नाव कुठं आहे? मी त्याला नेमणुकीचा हुकूम दाखवला, ती ओळ दाखवली. त्यानं त्या ओळीवरून काळं बोट फिरवलं आणि म्हणाला, "देखो, मैं बोलता था. मालूम पड़ा और भेज दिया." मी हो म्हणालो. नोकरीत इतक्या लोकांना मी त्या ओळीचा खरा अर्थ सांगितला, पण त्या दिवशी मला तो स्वतःलाच नीट आठवेना.

घटस्थापनेला हार आले, मिठाई आली, फोटो निघाला. तो कार्यालयात अजून लावलेला आहे. वकीलसाहेब मध्यभागी आहेत.

मला आठवतो तो त्याआधीचा शुक्रवार. दुपारी मामाचा फोन आला. मागं पोरांचा गलका ऐकू येत होता. "बाबूजी, धूप हो गई," तो म्हणाला. "घी छोरी ने डाला." मी आत जाऊन बाईंना सांगितलं. त्या रिकाम्या काळातल्या फाइली वाचत बसल्या होत्या. टेबलावर ढीग होता आणि खाली जमिनीवर दुसरा. त्यांनी मान हलवली. बोट ओलं करून पान उलटलं.

"राहिलेलं पुष्कळ आहे, मोहन," त्या म्हणाल्या. "पुढची आण."